गरीब गाय : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

सोमवार, ३ फेब्रुवारी. पहाटे पाच वाजून वीस मिनिटे.

गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करून झाली. इस्त्री गार होईपर्यंत ओट्यापाशी उभा राहून हे लिहीत आहे. बसून लिहिले असते, पण बसण्याची जागा म्हणजे माझे अंथरूण, आणि ते ताई उठण्याआधी गुंडाळून ठेवावे लागते. नाहीतर तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही.

आजपासून वृद्धाश्रमात मदतनिसाची नोकरी. तीन महिने बघतील, मग कायम करायचे की नाही ते ठरवतील. कायम झालो तर सायकलच्या दुकानावरची खोली भाड्याने घेणार आहे. ती मी दोनदा पाहून आलो. एक खिडकी आहे आणि दाराला आतून कडी आहे. कडी लावून मी काय करणार हे मलाच ठाऊक नाही. काल दाजींना सांगितले तर म्हणाले, "घाई काय आहे? तुझा काय त्रास आहे आम्हाला? तू आपला गरीब गाय." मला बरे वाटले. दाजी सहसा कुणाचे चांगले बोलत नाहीत. पगार त्यांच्याकडे ठेवायला द्यायचा असे ठरले आहे. माझ्याकडून हरवेल असे त्यांचे म्हणणे.

दुसरा संकल्प : दहावीचा मराठीचा पेपर पुढच्या वर्षी बाहेरून द्यायचा. नववीला शाळा सुटली, तरी माझे शुद्धलेखन आजवर कुणी चुकीचे ठरवलेले नाही. रोज एक वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग.

इस्त्री गार झाली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आश्रमात एक लांब बोळ आहे आणि त्याच्या एका बाजूला आठ खोल्या. बोळाच्या तोंडाशी आमचे टेबल. वर भिंतीवर दिव्यांची पाटी. कुणी उशाशी खिळ्याला अडकवलेली वायरची घंटी दाबली की पाटीवर त्या खोलीच्या आकड्यापुढे लाल दिवा लागतो. नियम असा की खोलीत जायचे, काम करून यायचे आणि मगच पाटीवरचे बटण दाबून दिवा घालवायचा.

मावशी इथे अठरा वर्षे आहेत. आम्हा मदतनिसांत सर्वांत जुन्या. त्यांनी मला एकेक खोली समजावून दिली.

"एक नंबरला ऐकू येत नाही, ओरडून बोल. दोन नंबरच्या आजी म्हणजे वाघीण. चहाला उशीर झाला की छप्पर डोक्यावर घेतील. आधी त्यांच्याकडे जायचं, मग देवाकडे. तीन नंबर कटकट्या. चार नंबर, गाय."

"गाय म्हणजे?"

"अरे, गरीब गाय! ते आजोबा. त्यांचं काही नसतं. सगळ्यांत शेवटी गेलास तरी 'ये बाळ' म्हणतील."

"घंटी वाजवत नाहीत?"

"दोन वर्षांत एकदा नाही." आपल्या मुलाचा पहिला नंबर आल्यासारखे मावशींनी हे सांगितले.

जेवणाच्या फळ्यावर 'सुप' लिहिले होते. मी पुसून 'सूप' केले. मावशी म्हणाल्या, "आले मास्तर!" आता मला सगळे मास्तरच म्हणतात.

सोमवार, १० फेब्रुवारी

कामाचा क्रम बसवला. आधी वाघीण, मग कटकट्या, मग एक, पाच, सहा, सात. शेवटी चार नंबर. आठ नंबरच्या खोलीत सध्या फक्त जुन्या गाद्या आहेत. या क्रमाने एकही ओरडा खावा लागत नाही. बाईंनी, म्हणजे व्यवस्थापक बाईंनी, मावशींसमोर माझे कौतुक केले.

एकच अडचण. आंघोळीचे गरम पाणी सात नंबरची आंघोळ होईपर्यंतच पुरते. चार नंबरच्या आजोबांना आज तसे सांगितले. ते म्हणाले, "असू दे रे. गार पाण्यानं तरतरी येते." नंतर ते बराच वेळ टॉवेल गुंडाळून खिडकीपाशी बसले होते. त्यांना खिडकी आवडते. समोर बसचा थांबा आहे.

आजोबा तीस वर्षे शहरात बस चालवत होते. म्हणाले, "आरशात पळत येणारा माणूस दिसला की माझा पाय ब्रेकवर जायचा. आत बसलेली चाळीस माणसं शिव्या द्यायची. वरून उशिराबद्दल चिठ्ठी यायची. तरी पाय आपला ब्रेकवर."

"मग चिठ्ठी आली की काय करायचात?"

"सही करायचो."

रविवार, १६ फेब्रुवारी

वाक्प्रचार : गरीब गाय असणे.
अर्थ : स्वभावाने अतिशय शांत, सोशिक आणि निरुपद्रवी असणे.
वाक्यात उपयोग : चार नंबरचे आजोबा गरीब गाय असल्यामुळे त्यांच्या सेवेत मुळीच त्रास होत नाही.

चष्मा सदऱ्याला पुसून शब्दकोशात 'सोशिक' पाहून घेतला. बरोबर होता.

आज माझी सुट्टी होती, पण दुसऱ्या पाळीतल्या एकाला लग्नाला जायचे होते, म्हणून त्याच्या जागी गेलो. गेल्या रविवारीही त्याच्याच जागी गेलो होतो. त्याचे नातेवाईक बरेच दिसतात. तो म्हणाला, "मास्तर, तुझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही." मला वाटते, इथे माझ्यावर लोकांचा विश्वास बसू लागला आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजोबांना विचारले, "तुम्हाला कधी रागच येत नाही का?"

"येतो की. पण मला राग यायला वेळ लागतो. तो येईपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो." मग स्वतःच हसले, आणि हसताना खोकला आला. मी पाणी दिले. पाणी पिऊन म्हणाले, "तुला येतो का?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून करतो आहे.

रविवार, २ मार्च

आज खोल्यांची अदलाबदल झाली. एक निवृत्त साहेब नव्याने राहायला येणार आहेत. त्यांच्या मुलीने सगळ्या खोल्या पाहिल्या आणि चार नंबरपाशी थांबून म्हणाली, "बाबांना हीच हवी. उजेड आहे." बाईंनी आधी दोन नंबरच्या आजींना विचारले होते, की तुम्ही सरकाल का. त्या म्हणाल्या, "माझं प्रेत सरकेल."

आजोबांचा मुलगा महिन्यातून एका रविवारी येतो. त्याचे चष्म्याचे दुकान आहे, म्हणून पाच मिनिटेच थांबतो. बाईंनी त्याला बोळातच गाठले. तो म्हणाला, "बाबांना काय, कुठंही चालेल. गरीब गाय आहेत ते." मग आत डोकावून, "चालेल ना हो बाबा?" आजोबा म्हणाले, "हो की."

आठ नंबरमधल्या गाद्या काढून मी खोली झाडली. ती बोळाच्या अगदी टोकाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून आहे. यंत्र चालू असले की भिंतीला हात लावला तर थरथर लागते. खिडकीतून समोरची भिंत दिसते. आजोबांचे सामान एका खेपेत झाले. काठी, दाढीचा डबा, दोन सदरे आणि बायकोचा फोटो.

त्यांनी काहीच कुरकुर केली नाही. म्हणजे ठीकच असावे. संध्याकाळी मात्र विचारले, "बाळ, चारची बस वेळेवर आली का रे?" मी पाहिले नव्हते. पण "आली" म्हणालो.

गुरुवार, ६ मार्च

आता रोज चारच्या सुमारास थांब्याकडे एक नजर टाकून आजोबांना जाऊन सांगतो. आज बस भरून आली होती. एक बाई पळत आली आणि बस निघून गेली. तेही सांगितले. आजोबा म्हणाले, "नवा पोरगा असेल चालवणारा. आरसा नीट लावत नाहीत."

आठ नंबरच्या बाथरूममध्ये धरायला दांडी नाही. बाकी सगळ्या खोल्यांत आहे. आजोबा म्हणाले, "जमलं तर बघ रे. काही घाई नाही." मी बाईंना सांगितले.

बाईंनी विचारले, "त्यांनी तक्रार केली?"

"तक्रार नाही. जमलं तर बघा म्हणाले."

"मग बघू. साहेबांच्या खोलीचे पडदे आधी लावून घे."

पडदे लावले. निळे आहेत. चांगले दिसतात.

रविवार, ९ मार्च

आजोबा अचानक म्हणाले, "तुम्ही मला गाय म्हणता ना रे?"

माझे कान गरम झाले. कुठे ऐकले असेल, विचारायचे धाडस झाले नाही. ते म्हणाले, "लाजतोस काय? बायकोही म्हणायची. लग्न ठरवताना तिच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं, मुलगा गरीब गाय आहे, डोळे मिटून मुलगी द्या. ती आयुष्यभर मला ऐकवत होती, मी नवरा मागितला होता, गाय आणून बांधली माझ्या गळ्यात." ते खूप हसले. मीही हसलो.

मग म्हणाले, "श्रीमंत गाय ऐकलीस कधी? नाही ना? दूध देते, लाथ मारत नाही, म्हणून गरीब. तिला कुणी विचारलंय का, बाई तुझ्या मनात काय आहे?"

मी विचारले, "काय असेल?"

ते भिंतीकडे बघत होते. यंत्र चालू होते. "जरा उजेडाची खिडकी असती तर बरं झालं असतं," असे म्हणाले. ते त्यांच्याबद्दल बोलत होते की गाईबद्दल, ते मला कळले नाही.

घरी आलो तर ताईकडे दाजींचे मित्र जेवायला होते. ते उठेपर्यंत जिन्यावर बसून परीक्षेचा अभ्यास केला. जिन्यावर दिवा चांगला आहे.

मंगळवार, ११ मार्च. दुपार, जेवणाची सुट्टी.

आज एक गंमत झाली, विसरण्याआधी लिहून ठेवतो. साहेबांची मुलगी जेवणाच्या वेळी आली, साहेबांना सूप गार लागले, वाघिणीने तीनदा घंटी वाजवली आणि कटकट्यांचे ताट बदलायचे होते. तेवढ्यात पाटीवर आठ नंबरचा दिवा लागला!

मी मावशींना म्हणालो, "मावशी, आठ नंबर."

"कोण, गाय? गाय घंटी वाजवेल होय? कोपर लागलं असेल. नाहीतर उशी."

मलाही तसेच वाटले. दिवा घालवला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. पुन्हा घालवला. उशी त्या घंटीवरच पडली असणार. आजोबांना सांगितले पाहिजे, ते हसतील.

आता सगळ्यांची जेवणे झाली. आठ नंबरचे ताट घेऊन जातो. गार झाले आहे, पण ते काही म्हणणार नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

आजोबा बाथरूमच्या दारात पडले होते. एक पाय वेडावाकडा झाला होता. वायर पलंगावरून ओढून घंटी हातात घट्ट धरली होती. तोंड पांढरे पडले होते.

मला पाहून म्हणाले, "ये बाळ. सगळ्यांची जेवणं झाली का?"

मी हो म्हणालो. ताट अजून माझ्या हातात होते.

"मी जरा दोनदा घंटी दाबली. तुमची गडबड होती ना? रागावू नकोस."

मी ताट खाली ठेवले. घंटी त्यांच्या बोटांतून सोडवून जागच्या जागी खिळ्याला अडकवली. ती तिथेच असायला हवी असा नियम आहे. मग मावशींना हाक मारली. मग गाडी आली. खुब्याचे हाड मोडले आहे.

बाईंनी विचारले, घंटी कुठे होती? मावशींनी पाहिली होती. त्या म्हणाल्या, "जागेवर. खिळ्याला." ते खरेच होते.

दुपारचे लिहिलेले आत्ता वाचले. 'गंमत' हा शब्द खोडून टाकणार होतो. खोडाखोड केली की पान वाईट दिसते. म्हणून राहू दिला.

गुरुवार, १३ मार्च

सुट्टी काढून रुग्णालयात गेलो. आजोबांचा मुलगा पलंगापाशी बसला होता. तो चिडलेला होता. त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, हाताशी घंटी होती ना? एक बटण दाबायला काय झालं होतं? एवढा कसला संकोच!"

मी दारात होतो. आजोबांनी मला पाहिले. मग मुलाला म्हणाले, "लक्षातच आलं नाही रे. माझंच चुकलं."

नर्सला नंतर विचारले. ती म्हणाली, पडल्यावर आणि औषधांमुळे माणसाला पुष्कळदा आठवत नाही. तसेच असेल.

पण आजोबा ते माझ्याकडे बघून म्हणाले.

निघताना मी त्यांच्या कानाशी जाऊन, चारची बस वेळेवर आली होती, असे सांगितले. आज मी थांब्यावर जाऊन खरेच पाहून आलो होतो. ते म्हणाले, "थांबला का कुणासाठी?" मी म्हणालो, "हो, एका म्हाताऱ्यासाठी थांबला." हे खोटे होते.

शुक्रवार, १४ मार्च

बाईंनी मला आणि मावशींना आत बोलावले. मुलाने विचारले आहे, वरचे लोकही विचारतील. त्या दिवशी दिवा लागला होता का?

मावशी माझ्याआधी बोलल्या. "कसला लागतोय! दोन वर्षांत त्या माणसानं कधी घंटीला हात लावला नाही. सगळ्यांना माहीत आहे. गाय हो अगदी."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "मी तसंच कळवते. त्यांचा स्वभावच तसा होता."

'होता' म्हणाल्या. आजोबा अजून आहेत.

गुरुवार, २० मार्च

आजोबा सकाळी गेले. फुप्फुसात पाणी झाले होते. मावशी खूप रडल्या. वाघीण दिवसभर एकदाही ओरडली नाही. चहा घेऊन गेलो तर म्हणाल्या, "त्याला दिलास का?" मग आठवले असावे. कप तसाच ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

चार वाजता मी थांब्याकडे पाहिले. सांगायला कुणी नव्हते.

शनिवार, २२ मार्च

आम्ही पाचजण आजोबांच्या मुलाकडे दुःखाला भेटायला गेलो. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मी उभा राहिलो. येणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलत होता. बसमधले जुने सहकारी म्हणाले. शेजारी म्हणाले. बाई म्हणाल्या. गरीब गाय होते. कधी कुणाला त्रास दिला नाही.

मुलगा नुसती मान हलवत होता. शेवटी एकदम म्हणाला, "हो ना. मरतानाही दिला नाही." त्याच्या बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला.

सोमवार, २४ मार्च

मला कायम केले. तीन महिने पुरे व्हायच्या आधीच!

बाईंनी पत्र हातात दिले आणि शेजारी बसलेल्या, संस्थेच्या वरच्या साहेबांना म्हणाल्या, "मुलगा अगदी गरीब गाय आहे. इकडचं तिकडं करणार नाही."

साहेब माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. बोळात टेबलापाशी आलो. वर पाटीवर सातचा दिवा लागला होता. मी गेलो आणि काम करून आलो आणि मग दिवा घालवला.

दाजींना सांगितले. ते म्हणाले, "छान. आता पगार वाढेल. खोलीबिलीचं डोक्यातून काढ, इथं काय कमी आहे?" ताई ओट्याशी होती, तिने वळून माझ्याकडे पाहिले. "तुला ताप आहे का रे?" असे विचारले. ताप नव्हता.

गुरुवार, २७ मार्च

आज काही लिहावेसे वाटत नाही. फक्त एवढेच, की रुग्णालयातले ते वाक्य मी सारखे तपासतो आहे. 'लक्षातच आलं नाही.' पण बाथरूमच्या दारात त्यांना पक्के लक्षात होते, दोनदा दाबली असे म्हणाले होते. औषधाने विसरले असतील, तर माझ्याकडे का पाहिले? आणि विसरले नसतील, तर मुलाने रागावलेले त्यांनी कशासाठी ऐकून घेतले?



रविवार, ३० मार्च

चष्म्याच्या दुकानात गेलो. रविवारी ते दुपारपर्यंत उघडे असते. आजोबांचा मुलगा काचेच्या टेबलामागे बसून एक फ्रेम वाकवत होता. मला पाहून म्हणाला, "बाबांचं काही राहिलंय का तिकडे?"

मी म्हणालो, "नाही. त्यांनी घंटी वाजवली होती."

त्याला कळले नाही. मी पुन्हा सांगितले. दिवा लागला होता. मी तो घालवला. पुन्हा लागला. पुन्हा घालवला. मग ताट घेऊन गेलो, तेव्हा घंटी त्यांच्या हातात होती. ती मी परत खिळ्याला लावली.

त्याने फ्रेम खाली ठेवली. "दोनदा?"

"दोनदा."

"तू का नाही गेलास?"

"मला वाटलं चुकून लागला. ते कधी वाजवत नसत म्हणून."

मला वाटले तो मारेल. मी हात मागे धरले होते. तो खुर्चीत मागे टेकला. 

"मी बाबांवर चिडून आहे," तो म्हणाला. "त्यांना जाऊन दहा दिवस झाले, रोज चिडतो. आई आजारी होती तेव्हा डॉक्टरांना दोन शब्द सुनावले नाहीत. माझी फी भरायला उशीर झाला तर शाळेच्या कचेरीबाहेर उभे राहिले. म्हटलं, जन्मभर नाही ते नाही, शेवटी स्वतः पडल्यावर तरी कुणाला हाक मारायची! एवढंही जमू नये माणसाला? रुग्णालयात मी काय काय बोललो त्यांना. तू होतास ना दारात?"

"हो."

"आणि त्यांनी हाक मारली होती."

"हो."

"माझंच चुकलं म्हणाले मला."

एक गिऱ्हाईक आत आले आणि वाचायचा चष्मा दाखवा म्हणाले. तो "हो, देतो" म्हणाला आणि जागचा हलला नाही. ते गिऱ्हाईक थोडे थांबून निघून गेले.

"त्या टोकाच्या खोलीला मीच हो म्हटलं होतं," तो म्हणाला. "त्यांना विचारलं होतं मी. आठवतंय ना तुला? विचारलं होतं."

"विचारलं होतं. ते 'हो की' म्हणाले."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. आधी मला वाटले तो हसतो आहे.

सोमवार, ३१ मार्च

बाईंना सकाळीच सांगितले. मुलाचा फोन माझ्याआधी येऊन गेला होता. त्या म्हणाल्या, "मी तुला गाय समजत होते. गोगलगाय निघालास. पोटात पाय!" मावशींबद्दल विचारले. मी म्हणालो, दिवा मी घालवला, दोन्ही वेळा. आजपासून माझे काम बंद, गणवेश धुऊन परत करायचा आहे. आठ नंबरच्या बाथरूमला दांडी बसवायला माणूस आला होता. त्याला जागा मी दाखवली.

फाटकापाशी मावशी धावत आल्या. "माझं नाव का नाही घेतलंस रे?"

"बटण तुम्ही दाबलं नव्हतं."

"गाढवा!" असे म्हणून त्यांनी माझ्या दंडावर मारले आणि मग तोच दंड धरून उभ्या राहिल्या. "तुझं कसं होणार रे, मास्तर?" मी त्यांना म्हणालो, वाघिणीचा चहा झाला नसेल, तुम्ही जा. त्या गेल्या.

दाजी म्हणाले, "तुला विचारायला कोण आलं होतं?" हे मात्र बरोबर आहे. कालपर्यंत विचारायला आलेल्या कुणालाही मी सांगितले नव्हते. मग त्यांनी पगाराचे विचारले. मी म्हणालो, यापुढे पगार मिळेल तेव्हा मी स्वतःकडे ठेवीन. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण ताई आतून बाहेर आली. मला राग यायला असा वेळ लागतो, हे मला माहीत नव्हते.

कालचा आणि आजचा हिशोब :

खर्च. चष्म्याच्या दुकानापर्यंत बस, बारा. येताना चालत आलो. धुण्याचा साबण, आठ. एकूण वीस.

देणे. गणवेशाच्या शिलाईचे दोनशे चाळीस, शेवटच्या पगारातून कापतील. ताईचे साठ.

दुकानातून निघताना माझा चष्मा ओला झाला होता आणि मी तो सदऱ्याला पुसत होतो. आजोबांच्या मुलाने खणातून काचा पुसायचे एक फडके काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, सदऱ्याने पुसू नकोस, ओरखडे पडतात. पैसे घेतले नाहीत. त्याची किंमत ठाऊक नाही, म्हणून वर मांडलेली नाही.